छाप्याखालचा अंगठा

पोस्टातून निवृत्त झाल्यावर देवराव तिकिटांच्या नादानं पार वाया गेले, असं त्यांची बायको सत्यशीला म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं. नाद तरी कसला, तर इंग्रजांच्या काळच्या महसुली तिकिटांचा. त्यातही राजाच्या तोंडावर वरून काळी अक्षरं छापलेली असली, की देवराव जेवण विसरायचे.

एके दिवशी आलापल्लीकडची बुधरी सकाळीच त्यांच्या चंद्रपूरच्या घरी आली; ते जुने कागद वाचून देतात, असं तिनं ऐकलं होतं. जमीनदारानं तिच्या आजेसासऱ्याला जमीन कसायला दिल्याचा जुना कागद तिनं आणला होता. उद्या वनहक्काच्या दाव्याची सुनावणी होती आणि पुरावा म्हणून एवढा एकच कागद.

"भाऊ, यात का लिवलं हाय तेवढं वाचून ठेवा. मी दवाखान्यात जाऊन येतो," ती म्हणाली.

ती गेली आणि देवरावांची नजर कागदावरच्या तिकिटावर खिळली. राजाच्या तोंडावर वरून छापलेली तीच काळी अक्षरं, तोच छापा! वीस वर्षं ते त्याच्या मागावर होते. पण छापा अस्सल की नकली, हे तिकिटाची पाठ पाहिल्याशिवाय कळत नाही. अक्षरांचा दाब मागून दिसावा लागतो. पाहू आणि लगेच परत चिकटवू. हजारो तिकिटं सोडवलेला हात, त्याला कसली भीती! त्यांनी कागदाचा तेवढा कोपरा बशीतल्या पाण्यात धरला.

तिकीट सुटलं. छापा अस्सल निघाला. पण अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर उठलेला बुधरीच्या आजेसासऱ्याचा जांभळा अंगठा विरघळून बशीत उतरला होता. 

मग त्यांनी करू नये तेच केलं. तिकीट वाळवून चिकटवलं, जांभळ्या शाईच्या जुन्या पॅडवर स्वतःचा अंगठा दाबला आणि त्याच जागी उठवला.

"हे का करून राह्यले तुम्ही?" सत्यशीलानं दारातून विचारलं. त्यांनी पॅडचं झाकण लावलं.

चारला बुधरी परत आली. कागद हातात घेऊन तिनं तिकिटाशेजारच्या ठशावर बोट ठेवलं.

"भाऊ, हा कोणाचा अंगठा होय?"

"तुमच्या आजेसासऱ्याचाच, बाई."

"आज्याच्या अंगठ्याले कुऱ्हाडीचा चिरा होता. ठशात आडवी रेघ उठली होती. लगन होऊन आली तवापासून पाहून राह्यली मी."

देवरावांनी छापा भिंगाखाली न्याहाळला होता. अंगठ्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं. शरमेनं त्यांची मान वर होईना.

"दाव्यासंगं याची झेरॉक्स हापिसात जमा हाय," बुधरी सावकाश म्हणाली. "उद्या साहेब दोनी कागद बाजूले बाजू ठेवून पाहीन. त्याले मी का सांगू, भाऊ?"