फळीवरचा मेंढा

शैलेंद्रनं लोखंडी टोकाचे बूट पायानं ढकलत घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे नेले, केशरी सेफ्टी जॅकेट त्यांच्यावर फेकलं आणि इस्त्रीचा शर्ट चढवून तो लॅपटॉपसमोर बसला. स्काइप वाजायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात जिन्याची पाचवी पायरी करकरली.

घरमालक नंदकुमारकाका रविवारी सकाळी बेसमेंटमध्ये कधी उतरत नसत. आज उतरले होते. एका हातात चहाचे दोन कप, दुसऱ्या हातात पितळी घंटी.

"भावाचा फोन ना आज?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझं छत आणि आमच्या किचनची फरशी एकच आहे, राजा."

शैलेंद्रनं वर छताकडे पाहिलं. मग म्हाताऱ्यानं आणखी काय काय ऐकलं असेल? नागपूरचा मावसभाऊ निमिष, वीज केंद्रातली पक्की नोकरी, तीन वर्षांची मुलगी, टाइप करून ठेवलेला राजीनामा. कॅनडाचे कागद आलेच होते. दादानं, म्हणजे शैलेंद्रनं, फक्त 'ये' म्हणायचं होतं. दादानं घरी सांगितलं होतं की तो ब्रॅम्पटनला सुपरवायझर आहे. दादा गोदामात ट्रकमधली खोकी उतरवत होता. काका आता फोनवर तोंड उघडणार, दुसरं काय!

काका मात्र खुर्चीत ऐसपैस बसले आणि त्यांनी घंटी मांडीवर घेतली.

"ही माझ्या पणजोबांची. अठराशे सदुसष्ट साल. इंग्लंडच्या राणीची फौज हबसाणच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या इथिओपियाच्या, राजावर निघाली. गोऱ्या शिपायांना रोज ताजं मटण हवं, आणि कापलेलं मांस बोटीत कुजतं. म्हणून जिवंत मेंढरं न्यायची. मुंबई बंदरावर ती चढवायचं काम पणजोबांचं."

"आणि मेंढरं ऐकायची?"

"छे! बोटीवर चढायची फळी बघितली की खुरं रोवून उभी. मग पणजोबांनी एक मेंढा तयार केला. गळ्यात ही घंटी. तो ऐटीत फळी चढायचा, वर गेल्यावर कप्तानाला मान लववायचा, आणि शेपटाला शेपूट लावून चारशे मेंढरं मागे. ती सगळी बोटीच्या तळघरात, आणि हा दुसऱ्या फळीनं खाली उतरून पणजोबांच्या हातचा गूळ खायचा. पुढची बोट आली की पुन्हा. त्याला इंग्रजीही यायचं म्हणतात."

शैलेंद्रला हसू आलं नाही. बोलता बोलता काकांनी घंटी उलटी केली होती आणि आतल्या बाजूला किमतीचं एक छोटं स्टिकर चमकलं होतं.

"काका, ही डॉलर स्टोअरची आहे."

"असेल. घंटी खोटी. मेंढा खरा."

"कशावरून?"

"रोज दाढी करताना बघतो त्याला."

शैलेंद्रनं चहाचा कप ओठांपाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. हे सगळं कशासाठी चाललंय? त्याची नजर नकळत फर्नेसकडे गेली. काकांची आधीपासून तिथंच होती.

"आणि एखाद्या दिवशी तो फळीवर थांबला असता तर?"

"तर बोट रिकामी गेली असती. आणि पहिली सुरी त्याच्या मानेवर."

"मग?"

"मग काय, चालत राहिला. गूळ गोड होता." काकांचा आवाज खाली आला. "बहात्तर साली मी इथं हॉस्पिटलमध्ये फरशा पुसत होतो. घरी लिहिलं, इंजिनिअर झालो. पत्र वाचून आमचा शशिकांत आला. धाकटा भाऊ."

"त्यांचं काय झालं?"

लॅपटॉप वाजू लागला.

"दादा!" पडद्यावर निमिष फुलून आला होता. मागे त्याची मुलगी सोफ्यावर उड्या मारत होती. "काय म्हणतोस? उद्या देऊन टाकू ना राजीनामा? साहेबाला सांगूनच ठेवलंय मी, दादा तिथं सेट आहे म्हणून."

'ये' हा शब्द शैलेंद्रच्या जिभेवर तयार होता. त्यानं तिरप्या डोळ्यानं काकांकडे पाहिलं. म्हातारा आता तोंड उघडणार. पण काका त्याच्याकडे बघतही नव्हते. त्यांनी घंटीत बोट घालून तिचा लोलक दाबून धरला होता.

शैलेंद्र उठला.

"अरे, गेला कुठं? नुसती खुर्ची दिसून राहिली बे!"

तो फर्नेसमागून परत आला आणि चिखलाचे ते बूट त्यानं टेबलावर, नेमके कॅमेऱ्यासमोर ठेवले.

"हे कोणाचे?" निमिषनं विचारलं.

"माझे. रोजचे." शैलेंद्रनं खुर्ची जवळ ओढली. "तुला घाई नाही ना? पोरीला आत पाठव आणि बस. सगळं सांगतो."

पाठीमागं पाचवी पायरी करकरली. घंटी मात्र वाजली नाही.