तिला ऐकू येतं

माझी धाकटी बहीण दोन वर्षांची झाली तरी हाक मारली की वळून बघायची नाही. ती सारखी स्वतःभोवती गिरक्या घ्यायची, म्हणून बाबांनी तिचं नाव भिंगरी पाडलं होतं. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. एकदा तिच्या पाठीमागे उभं राहून मी ताट वाजवलं, ती ढिम्म हलली नाही. मग वैतागून ते जमिनीवर आपटलं, तशी ती वळली. आई म्हणाली, बघ, येतंय की ऐकू. खालची फरशी हादरली म्हणून ती वळली, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मी गप्प बसले.

कानाच्या डॉक्टरांनी तिला एका बंद खोलीत बसवून दोन दिवस तपासलं. दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, कानाच्या यंत्राचा फारसा उपयोग होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हातांनी बोलायला शिकवणारी एक शाळा होती, तिथे लगेच घाला म्हणाले. मुलीला भाषा हवी आणि ती आजच हवी, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आईने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"तिला ऐकू येतं," ती म्हणाली. "हट्टी आहे. माझ्यावर गेलीये."

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बोलणं कमी, पण एकदा बोलले की नेमकं. त्या संध्याकाळी त्यांनी आईला विचारलं, "नाकारून काय बदलणार आहे?"

आई म्हणाली, "आणि मान्य करून काय बदलणार आहे?"

बाबा उठले आणि हत्यारांची पिशवी आवरू लागले. 

आईचं कपडे शिवायचं आणि उसवून मापाचे करून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला मागे एक आरसा होता. त्या आरशासमोर भिंगरीची शाळा भरू लागली. आई अस्तराच्या कापडाची बोटभर पट्टी तिच्या ओठांपुढे धरायची. 'प' म्हटलं की पट्टी उडायची. 'म' म्हटलं की उडायची नाही, पण नाकावर ठेवलेल्या बोटाला गुणगुण लागायची. 'ब'साठी हात गळ्यावर. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. पोरगी रडून लाल व्हायची, तरी पट्टी ओठांपुढून हटायची नाही. आईही कधीकधी रडायची, पण पट्टी धरलेला हात खाली जायचा नाही.

हात हलवायला मात्र बंदी होती. भिंगरीने बोटाने काही दाखवलं की आई तिच्या दोन्ही मुठींत रिकामी रिळं द्यायची. ती पडली तर धडा पहिल्यापासून.

साडेचार वर्षांची असताना ती 'पाणी' म्हणाली. आवाज जाडाभरडा होता, पण शब्द स्पष्ट. त्या दिवशी आईने दुकान बंद ठेवलं आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. पुढे शब्दांची रांग लागली. ओठांवर 'मामा' आणि 'बाबा' सारखेच दिसतात, त्यामुळे आमचा मामा आला की ती त्याला हसत 'बाबा' म्हणायची आणि मामा मामीकडे बघून कानाला हात लावायचा. आम्ही सगळे पोट धरधरून हसायचो. भिंगरीही हसायची. आपण कशावर हसतोय हे तिला माहीत नसायचं.

ती साध्या शाळेत गेली, पहिल्या बाकावर बसली, वर्गात तिसरी-चौथी यायची. शाळेच्या कागदांवर तिच्या कानांबद्दल एक अक्षर नव्हतं. ते कानाचे डॉक्टर एकदा शिवणाचं काम घेऊन दुकानात आले, तिच्याशी पाच मिनिटं बोलले आणि आईला म्हणाले की बाई, मी हात टेकले. आईने हे वाक्य आयुष्यभर जपलं. तिच्यापुरता तो निकाल होता.

ओठ कळले नाहीत तर काय करायचं, हेही आईने शिकवलं होतं. हसायचं आणि मान डोलावायची. विचारत बसलं की लोकांना संशय येतो.

बाबा एका सहकाऱ्याच्या मुक्या भावाकडून दहा-बारा खुणा शिकून आले होते. जिन्यात, आईच्या नजरेआड, ते आणि भिंगरी हातांनी बोलायचे. भूक, झोप, पाऊस, आई रागावली. तिथे तिचा चेहरा वेगळाच दिसायचा, अंगातले घट्ट कपडे काढल्यासारखा. एक दिवस आईने बघितलं. ती महिनाभर बाबांशी बोलली नाही. जिन्यातली शाळा बंद झाली.

भिंगरी सतराची असताना एका दुपारी आईने तिला समोरच्या इमारतीत शिवलेला कोट पोचवायला पाठवलं. गल्लीत मालाचा एक ट्रक मागे येत होता. मागे येताना वाजतो तो भोंगा चालू होता. आई दुकानाच्या पायरीवर उभी होती, भिंगरीपासून आठ-दहा पावलांवर. मी आत मशीनवर, खिडकीशी. आई ओरडली, "भिंगरी, बाजूला हो!" मग पुन्हा, आणखी मोठ्याने. आई जागची हलली नाही, नुसती ओरडत राहिली. मी उठून दारापर्यंत पोचले तोवर चाक भिंगरीच्या डाव्या पायावरून गेलं होतं.

ड्रायव्हर खाली उतरला. भोंगा वाजत होता हो, असं तो जमलेल्या प्रत्येकाला सांगत होता. त्याने विचारलं, पोरीला ऐकू येत नाही का? रस्त्यावर बसून, मुलीचं डोकं मांडीवर घेऊन आई म्हणाली, "येतं." पोलिसांनाही तिने तेच सांगितलं. चूक भिंगरीची ठरली.

हॉस्पिटलात भरतीचा फॉर्म मी भरला. ऐकण्यात दोष आहे का, असा एक रकाना होता. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. 'नाही' लिही, म्हणाली. मी पंचवीस वर्षांची होते, नोकरी करत होते, माझा हात कुणी धरला नव्हता. मी 'नाही' लिहिलं.

सर्जन बाहेर आले. पाय वाचणार नाही, घोट्याच्या वर कापावा लागेल, असं त्यांनी सांगितलं आणि सही मागितली. पुढे म्हणाले, "मुलीलाही सगळं नीट समजावलंय. धीराची आहे. हसली, मान डोलावली."

आईने सही केली. बाबा कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात काम करत होते, त्यांना निरोप उशिरा मिळाला. ते पोचले तेव्हा भिंगरीला आत नेलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता का?"

होता. तिथे सगळ्यांच्याच तोंडावर होता. बाबा भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने पांघरूण बाजूला केलं आणि बघितलं. ती किंचाळली नाही.  मग आईकडे वळून म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही." आई म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं बाळ, तू हो म्हणालीस. भिंगरीने आईचे ओठ शेवटपर्यंत वाचले आणि डोळे मिटून घेतले. तिच्याशी बोलणं थांबवायला तेवढं पुरतं.

घरी आल्यावर ती आईशी एक शब्द बोलली नाही. बाबांशी हातांनी बोलायची. दहा-बारा खुणा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा त्या जुन्या शाळेचा पत्ता तिने स्वतः शोधला. कुबड्या घेऊन, दोन बस बदलून ती तिथे जायची. मीही रविवारी तिच्याबरोबर जायला लागले. वर्षभरात ती हातांनी असं काही बोलायला लागली की मी चाट पडले. ती नकला करायची, टोमणे मारायची, तावातावाने वाद घालायची. इतकी वर्षं एका घरात राहून मला माझी बहीण विनोदी आहे हे माहीत नव्हतं. आईला आजही माहीत नाही.

आज भिंगरी त्याच शाळेत शिकवते. तिचा नवरा वेल्डर आहे, तोही बहिरा. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते, मी बरोबर असते. भिंगरी चहा करते, पाठीशी उशी देते, औषधं वेळेवर घेतेस का ते विचारते. सगळं हातांनी. आई माझ्याकडे बघते आणि मी सांगते. कधीतरी आई माझ्याशी वाद घालते, की तिने ते केलं नसतं तर पोरीच्या तोंडून एक शब्द तरी निघाला असता का? मी म्हणते, नसता निघाला बहुतेक. हे खरं आहे आणि ते कबूल करताना मला दरवेळी राग येतो.

आईने मनाशी एक ठरवून टाकलं आहे. अपघाताच्या धक्क्याने भिंगरीची वाचा गेली, असं ती सगळ्यांना सांगते. काय गोड बोलायची हो माझी पोर, म्हणते आणि डोळे पुसते.

मागच्या महिन्यात मी एकटीच भिंगरीकडे गेले होते. खालच्या दुकानातून तिला दिवा घ्यायचा होता. ती काउंटरशी उभी राहिली आणि दुकानदाराला म्हणाली, "हा नको, पिवळ्या उजेडाचा द्या." आवाज तोच, जाडाभरडा. 'प' अगदी स्वच्छ. दुकानदाराला त्यात नवल वाटलं नाही, ती रोजच बोलते म्हणाला. भाजीवाल्याशी बोलते, शाळेच्या शिपायाशी बोलते, बसच्या कंडक्टरशी भांडते.

जिना चढताना मी तिला हातांनी विचारलं, आईशी एकदा तरी? ती कठड्याला धरून थांबली, खोट्या पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला आणि मोकळ्या हाताने म्हणाली, नाही.

आईला मी हे सांगितलेलं नाही.