तिसरा नंबर

दीपाचं बाळ गेलं. हे वाक्य इथेच ठेवून पुढे जाऊ. कोणी विचारलंच तर सांगू की असं काही झालेलं नाही. बोरटेकला छान ऊन पडलंय, आणि दीपा पंचफुलाच्या घरात कापसाच्या ढिगाला टेकून, पाय लांब करून, पोटावर हात ठेवून बसली आहे.

कापूस पंचफुलाच्या नवऱ्याचा, बळीरामचा. भाव आल्याशिवाय विकायचा नाही असं त्याने ठरवल्यामुळे पुढची खोली आढ्यापर्यंत भरली होती आणि घरातली माणसं कडेकडेने जगत होती. तीन गरोदर बायांना टेकायला मात्र अख्ख्या तालुक्यात याहून मऊ जागा नव्हती. उठताना तिघींना एकमेकींना ओढून काढावं लागायचं आणि घरी जाऊन खाजवत बसावं लागायचं, एवढाच त्रास. पंचफुला म्हणायची की दिग्रसचा सेठ सोडला तर एवढ्या कापसावर कोणीच बसत नाही.

तिचं हे तिसरं बाळंतपण होतं, त्यामुळे ती या विषयातली निवृत्त मुख्याध्यापिका असल्यासारखी बोलायची. सलोनी पुसदची, पहिलटकरीण. फोनवर बघून श्वास घ्यायला शिकलेली. दीपाही पहिलटकरीणच, पण लग्नाला बरीच वर्षं झालेली. लोकांनी विचारणं सोडून दिलं आणि मग तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. पण दीपाची आई हयात नव्हती, आणि सलोनीचं लग्न तिच्या माहेरच्यांना अजून झाल्यासारखं वाटत नव्हतं. तेव्हा पंचफुलाने दोघींना सांगून टाकलं होतं की हा कापूस म्हणजेच माहेर समजा.

विमलताई गावच्या आशाताई. त्यांनी तिघींना बसवून समजावलं होतं की सगळं आधी ठरवून ठेवा: गाडी कोणाची, सोबत कोण, रक्त कोण देणार, पिशवीत काय. आणि बाळाचं हलणं कमी झालं तर कोणाची वाट पाहायची नाही. तिघींनी मान हलवली. त्या दिवसांत मान हीच एक गोष्ट त्यांना सहज हलवता येत होती.

सोबत एकमेकींची, हे बिनविरोध ठरलं. रक्ताला सलोनीचा नवरा नयन तयार झाला. तपासणीसाठी बोटातून थेंबभर घेतल्यावर तो खाली बसला, म्हणून त्याला राखीव खेळाडूंत टाकलं. पिशवीत पंचफुलाने धुतलेल्या जुन्या लुगड्यांबरोबर कुकर भरला. दवाखान्यात वरण कच्चं मिळतं, हे तिचं दोन बाळंतपणांचं संशोधन होतं. गाडी हिरासिंगची. सरकारी गाडी फोन केला की निघते, यावर गावाचा विश्वास होता. ती पोचते केव्हा यावर मतभेद होते. हिरासिंगची जीप मात्र रोज दिग्रस-दारव्हा करायची आणि रात्री त्याच्याच अंगणात उभी असायची.

मग पंचफुलाच्या डोक्यात आलं की याची एक तालीम करावी. ठरलं होतं असं की तिने कळा आल्यासारखं ओरडायचं आणि बाकी दोघींनी पिशव्या घेऊन निघायचं. पण पंचफुला इतकी मन लावून ओरडली की सलोनी घाबरून ओरडली, आणि दोघींकडे बघून दीपाच्याही तोंडून किंकाळी गेली. तीन बाया एकदम ओरडताहेत म्हटल्यावर हिरासिंगने पिशवी आत टाकली आणि जीव मुठीत धरून जीप सोडली ती थेट दारव्ह्याला नेली. दवाखान्याच्या फाटकात मागे वळून पाहिलं तर सीटवर नुसता कुकर. बातमी कळंबला, पंचफुलाच्या माहेरापर्यंत पोचली. तिचा भाऊ संध्याकाळी तिथल्या चिंतामणी गणपतीचा नारळ घेऊन हजर झाला, बहिणीचं पोट होतं तसंच बघून जेवला आणि परत गेला.

या गोंधळानंतर दीपाने नंबर पाडले.

नंबर पाडणं हे तिचं रोजचं काम. ग्रामपंचायतीच्या बाजूच्या सेवा केंद्रात बसून ती लोकांचे अर्ज टाइप करायची. आलेल्या माणसाला जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा मिळायचा, त्यावर नंबर. सरपंचाचा भाऊ आला तरी नंबर. सासू तुळसाबाई आली तरी नंबर, आणि सासूने त्यावरून दोन दिवस अबोला धरला तरी पुढच्या वेळीही नंबरच. एकदा म्हातारे वामनराव हयातीच्या दाखल्यासाठी नंबर घेऊन घरी गेले आणि नंबर येण्याआधी वारले. हे सगळ्या गावाला माहीत होतं, दीपालाही. तरी तिने त्यांचा नंबर पुकारला, थोडं थांबली आणि मगच पुढचा घेतला.

तिचं स्वतःचंही सगळं रांगेतच झालं होतं. चौथी मुलगी. थोरल्या तिघींचं उरकल्याशिवाय हिचं लग्न नाही. डी.एड. करून ती प्रतीक्षा यादीत गेली. यादी रद्द झाली तेव्हा तिच्यापुढे एकच बाई उरली होती, आणि दीपाला त्या बाईचंच जास्त वाईट वाटलं. रांग मोडून पुढे गेलेल्यांचं भलं झालेलं तिने पाहिलं होतं. तरी तिने कधी मोडली नाही.

तर तारखांप्रमाणे पंचफुला पहिली, सलोनी दुसरी, दीपा तिसरी. गाडीत एका वेळी एकच नंबर. सोबतीला पुढच्या नंबराच्या बाईने जायचं. तिसऱ्या नंबरासोबत पहिलीने, कारण तोवर ती मोकळी झालेली असणार. आणि आपला नंबर आल्याशिवाय कोणी ओरडायचं नाही.

"पोटातल्या पोट्ट्याले काय मालूम त्याचा नंबर?" पंचफुलाने विचारलं.

"घरचंच हाय," दीपा म्हणाली. "सांगून ठेवीन."

त्यावर तिघी इतक्या हसल्या की कापूस वरून घसरून त्यांच्या अंगावर आला, आणि बळीरामला हातातलं काम टाकून त्यांना बाहेर काढावं लागलं.

गुरुवारी दीपा आंघोळीला बसली. पोटावर पहिला गडू ओतला की बाळ लाथ मारायचं, रोजची सलामी. त्या दिवशी मारली नाही. तिने दुसरा गडू ओतला, मग मुद्दाम थंड पाण्याचा. पोट नुसतं ओलं झालं.

तुळसाबाई म्हणाली, भरत आलं की पोट्टं निजते, धम्मरत्नाच्या वेळेला तिचंही असंच झालं होतं. धम्मरत्न म्हणजे दीपाचा नवरा. तो तेव्हा दिग्रसला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलेला होता. दीपाला सासूचं पटलंही आणि नाहीही. साडी नेसून ती विमलताईंना सांगायला निघाली. विमलताई पंचफुलाच्या दारात भेटल्या, कारण पंचफुलाला कळा सुरू झाल्या होत्या. या वेळी खऱ्या. शेजारणी आपापल्या अंगणात मिरच्या वाळवत बसल्या होत्या आणि एकमेकींना सांगत होत्या की तालीम चालू आहे, मागच्यापेक्षा बरी करते.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. जीप आली, पिशवी आली, कुकर आला, सलोनी सोबतीला चढली. कळ ओसरली की पंचफुला सूचना देत होती, कळ आली की शिव्या. त्या गडबडीत, गाडीत चढता चढता विमलताईंचं दीपाकडे लक्ष गेलं.

"तुहं बरं हाय ना व?"

दीपाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर पहिला नंबर चालू होता.

"बरं हाय," ती म्हणाली.

हिरासिंगने मागचं दार धरून ठेवलं होतं. तालमीची भरपाई म्हणून त्या दिवशी तो फारच सौजन्याने वागत होता. त्याने सलोनीच्या बाजूची कुकरची पिशवी उचलून खाली पायांशी ठेवली.

"बसा ना वहिनी. जाऊनच राह्यलो, त डॉक्टर तुमालेही पाहून घेईन. जागा हाय."

जागा खरंच होती. अख्खं माणूस पाय लांब करून बसेल एवढी.

"माहा नंबर नाई," दीपा म्हणाली.

हिरासिंगला ते पटलं. नियम तोही पाळत होता. त्याने दार लावलं.

दुपारी फोन आला की रस्त्यातच सलोनीचंही पाणी गेलं. सोबतीला गेलेली बाई स्वतःच दाखल झाली आणि विमलताई दोन खाटांच्या मध्ये उभ्या आहेत. गावभर हशा पिकला. दीपाही हसली. मग डाव्या कुशीवर झोपली, गूळपाणी प्याली, पोटावर टिचक्या मारल्या, पोटाला हळूच नावानेही हाक मारली; नाव तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं. फोन तिच्या हातात होता. पण तिकडे एकदम दोन नंबर चालू होते, आणि अशा वेळी मध्येच केंद्राच्या खिडकीतून डोकं घालणाऱ्यांना ती स्वतः काय म्हणायची ते तिला पाठ होतं. संध्याकाळी धम्मरत्नाने विचारलं तर म्हणाली, निजलं असंन.

सकाळी दारात हॉर्न वाजला. हिरासिंगने जीपला झेंडूचा हार घातला होता आणि त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. पंचफुलाला पोरगी, सलोनीला पोरगा, दोघी खुशाल.

"चला वहिनी," तो म्हणाला. "आता तुमचाच नंबर."

दीपा पिशवी घेऊन उठली आणि धम्मरत्नाबरोबर जीपमध्ये बसली.

दवाखान्यात डॉक्टरीण तिच्याएवढीच होती. तिने पोटावर यंत्र इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं. मग नर्सला दुसरं आणायला लावलं. दुसरं यंत्रही चांगलं होतं.

"कधीपासून हललं नाही?"

"कालपासून. सकाळपासून."

"मग काल यायला गाडी नव्हती?"

"होती."

"गाडीत जागा नव्हती?"

"होती."

डॉक्टरीण तिच्याकडे बघत राहिली. दीपाही बघत राहिली. धम्मरत्न दोघींकडे बघत होता. त्याच्या केसांत अजून जिनिंगची रुई होती, आणि दीपाच्या मनात आलं की ती झटकायला हवी, दवाखान्यात असं बरं दिसत नाही. तेवढंच तिच्या मनात आलं. बाकीचं कोणीतरी मोठ्या आवाजात दुसऱ्याच बाईला सांगत होतं.

बाळ गेलेलं असलं तरी बाळंतपण सुटत नाही. हे कोणी ठरवलं ते माहीत नाही. औषध देऊन कळा आणल्या, आणि त्या जिवंत बाळाच्या असतात तशाच आल्या, एकही कमी नाही. समोरच्या खाटेवरून पंचफुला भिंत धरत धरत आली. आपली पोरगी तिने सलोनीकडे दिली होती. आता सलोनीच्या दोन्ही हातांवर एकेक बाळ होतं आणि डोळे पुसायला हात नव्हता. नर्सने पंचफुलाला हटकलं, की तू कालची बाळंतीण, जाऊन पड. पंचफुलाने सांगितलं की तिसऱ्या नंबरासोबत पहिलीने राहायचं असं लिहून ठरलेलं आहे. तसं लिहिलेलं कुठेच नव्हतं. नर्सने स्टूल दिलं.

पंचफुलाने दीपाचा हात धरला. 

"काहून नाई सांगतलं व?" ती म्हणाली. "म्या गाडीतून उतरली असती. रस्त्यात बाळंत झाली असती."

"मालूम होतं," दीपा म्हणाली. "म्हून."

पलीकडून सलोनी फोनवर शिकलेला श्वास घेऊन दाखवत होती, आत, बाहेर, आत. दीपा तसाच घेत होती, अगदी बरोबर.

"ओरड व माय," पंचफुला तिच्या कानाशी म्हणत होती. "आता त तुहाच नंबर हाय. ओरड."

दीपा ओरडली नाही.

मुलगी होती. केस भरपूर, नाक धम्मरत्नाचं. पंचफुलाच्या धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून ती धम्मरत्नाच्या हातात दिली. तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला आणि चुकून तिला जोजवू लागला.

पुढच्या आठवड्यात विमलताई घरी आल्या. दीपाची छाती घट्ट बांधलेली होती, तरी चोळी भिजत होती. विमलताईंनी आधी तेच पाहिलं, तुळसाबाईला शेकायला सांगितलं आणि मग इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. शेवटी म्हणाल्या की वरून विचारणा आहे. बाळ दगावलं की उशीर कशामुळे झाला ते कळवावं लागतं. घरच्यांनी अडवलं, की गाडी मिळाली नाही, की दवाखान्यात कोणी नव्हतं. या तिन्हीपैकी काहीच झालेलं नाही.

"आता म्या काय लिहू व, दीपा?"

दीपाने पदर सारखा केला. उठून बसली. आणि केंद्रात लोकांना अर्ज वाचून दाखवायची तो आवाज तिने काढला, सरळ आणि स्पष्ट, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असा.

"लिहा. प्रति."

"कोनाले?"

"ते रिकामं ठेवा. विषय, मागील गुरुवार परत मिळणेबाबत."

विमलताईंनी मान वर केली. दीपा टाइप करणाऱ्याची वाट पाहावी तशी शांतपणे थांबली होती. विमलताई लिहू लागल्या.

"महोदय, वरील विषयान्वये विनंती अर्ज सादर करते की, मागील गुरुवारी सकाळी मौजे बोरटेक येथे गाडीमध्ये अर्जदाराकरिता जागा उपलब्ध होती. अर्जदाराने सदर जागा स्वतःहून नाकारली. याबाबत अन्य कोणाचीही तक्रार नाही. तरी सदर गुरुवार, सकाळच्या आंघोळीपासून पुढे, अर्जदारास फक्त एक वेळ परत देण्यात यावा, ही नम्र विनंती. त्याकरिता रांगेत थांबण्याची अर्जदाराची तयारी आहे."