पहिला मीटर गेलेला टेप

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मापं घेणारा. तीस मीटर लांबीचा, पिवळा, गोल डबीत गुंडाळून बसणारा. आणि मित्रांनो, मागाहून कुरबुर नको म्हणून आत्ताच सांगून टाकतो: माझा पहिला मीटर गेलेला आहे. माझ्यावरचे आकडे थेट एकापासून सुरू होतात. हसायचं असेल तर हसून घ्या, मी थांबतो.

झालं? आता ऐका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. काचेचे केसासारखे बारीक धागे विणून माझं अंग केलं, त्यावर पिवळा थर चढवला आणि काळे-लाल आकडे छापले. मग एका पोलादी पट्टीशेजारी मला ताणून झोपवलं. तपासणाऱ्या बाईंनी पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सगळं जुळवून पाहिलं आणि डबीवर शिक्का मारला. त्या दिवसापासून आजपर्यंत मी एकही माप खोटं सांगितलेलं नाही. याला फुशारकी म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा, खरं आहे ते खरं आहे.

बागा आणि अंगणं करून देणाऱ्या एका कंपनीने मला घेतलं आणि मी मुकादमांच्या हाती पडलो. माणूस वरून फणस. पण काम संपलं की ओल्या फडक्याने मला पुसल्याशिवाय गुंडाळायचे नाहीत. त्यांच्याबरोबर मी शाळांची मैदानं मोजली, तळी मोजली, झाडांमधली अंतरं मोजली. काडीएवढी रोपं सहा-सहा मीटरवर लावताना येणारे-जाणारे हसायचे, "एवढी जागा कशाला सोडताय?" मुकादम म्हणायचे, "दहा वर्षांनी या, सावलीत बसून बोलू." तेव्हा माझा फार मान होता. टेपशिवाय पान हलत नसे.

मग एक दिवस साहेबांना हुक्की आली. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. गवत कापायचं नवं यंत्र आलं होतं, ते त्यांना स्वतः चालवून बघायचं होतं. मी हिरवळीवर पसरलेला होतो. खाडखाड आवाज झाला आणि माझ्या पहिल्या मीटरचा कडीसकट भुगा झाला. "टेप तिथे कुणी ठेवला?" साहेब ओरडले. पाहिलंत? यंत्र त्यांच्या हातात आणि चूक टेपची! ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुकादमांनी माझं उसवलेलं टोक काडीच्या आचेवर धरून बंद केलं आणि कामावर एक रीत पाडली. टोक धरणाऱ्याने एकाच्या रेघेवर बोट ठेवून ओरडायचं, "एकापासून!" पलीकडे आकडा वाचणाऱ्याने ओरडायचं, "एक वजा!" म्हणजे मी नऊ दाखवले तर माप आठ. सोपं होतं. साहेबांनी मधेच लाल ठिपक्याचं मोजयंत्र आणलं, पण भर उन्हात तो ठिपका शोधता शोधता सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. दुपारपर्यंत पुन्हा मीच मैदानात होतो. तुटका असलो तरी दिसतो तरी!

अशात ती आली. लँडस्केप डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी. कॉलेजात पुठ्ठ्यावर स्पंजची झाडं लावून सुरेख बागा करायची, पण खऱ्या मातीत हात घातलेला नव्हता. म्हणून कॉलेजने तिला सोळा आठवडे आमच्याकडे कामाला पाठवलं होतं. रोजचं काम वहीत लिहायचं आणि शेवटी साहेबांची सही घ्यायची. सही नाही तर वर्ष पूर्ण नाही. मुकादमांनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं. "ए कॉलेज, नकाशा ठेव आणि माती मुठीत दाब. गोळा झाला तर चिकण, सुटली तर रेताड." ती दाबत राहिली. आठवडाभरात तिची नखं काळी झाली आणि मुकादमांचा आवाज मऊ झाला.

मापं घेण्यात मात्र ती तरबेज होती. "एक वजा!" असं ठणकावून ओरडायची की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. कॉलेजच्या अभ्यासासाठी ती मला घरीही न्यायची. तिची आई कपडे शिवायची. खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कापडाचे ढीग, त्यातच जेवायची जागा. मामा आले की चिडवायचे, "चार वर्षं शिकून शेवटी खड्डेच खणणार का गं?" आई दोरा तोडत म्हणायची, "खणू दे. दुसऱ्यासाठी तर नाही ना खणत!" मला ते घर आवडायचं. तिथे टेपची किंमत होती.

दहाव्या आठवड्यात वाचनालयाचं काम आलं. दारापुढे तीन उंच पायऱ्या, समोर थोडं अंगण आणि अंगणात एक जुनं डेरेदार झाड. वाचनालय सांभाळणाऱ्या बाई चाकांच्या खुर्चीवर असत. पायऱ्यांमुळे रोज मागच्या अंगणातून, कचऱ्याच्या डब्यांजवळून आत जायच्या. आता त्यांच्यासाठी पुढच्या दाराला रॅम्प आणि भोवती बाग करायची होती. दार जमिनीपासून साठ सेंटीमीटर उंच. जेवढी उंची, तिच्या बारापट रॅम्पची लांबी लागते, म्हणजे खुर्ची स्वतःच्या हातांनी चढवता येते. साठ गुणिले बारा, सात मीटर वीस. नकाशात तेच लिहिलेलं होतं.

"आखणी तू कर," साहेब तिला म्हणाले. पहिल्यांदाच! तिला आभाळ ठेंगणं झालं. मुकादमांनी दाराशी माझं टोक धरलं. "एकापासून!" तेवढ्यात मातीचा ट्रक भोंगा वाजवत फाटकातून आत घुसला. मुकादम हात वर करून त्याला थांबवायला धावले, जाताना टोकाशी खिळा ठोकून गेले. ती पलीकडे एकटी. तिने मला ताणलं, सात वीसच्या रेघेवर खुंटी ठोकली, पांढऱ्या फक्कीने रेघ मारली आणि हात झटकले.

मित्रांनो, मी आतून ओरडत होतो. अगं, मोजताना एक वजा, पण आखताना एक अधिक! जागेवर असलेली वस्तू मोजली तर माझ्या आकड्यातून एक काढायचा. नवी रेघ मारायची असेल तर आकड्यात एक घालायचा, कारण मी सुरूच एकापासून होतो. खुंटी आठ वीसवर हवी होती. तिने आजवर नुसतं मोजलं होतं, आखलं कधीच नव्हतं. रॅम्प सहा मीटर वीसचा झाला. पण टेपला तोंड कुठे असतं?

काँक्रीट पडलं, वाळलं. आणि गंमत बघा, रॅम्पच्या पायथ्याची पायवाट आणि झाड यांच्या मधे मीटरभर जागा उरली. ती हरखली. नकाशात नसलेली जागा! तिने तिथे स्वतःच्या कल्पनेने सुवासिक पानांची बारा रोपं लावली, दगडांची किनार केली. साहेबांनी पाठ थोपटली. "नजर आहे हो पोरीला." कॉलेजच्या सरांनी फोटो काढून नेला. ती रोज येऊन आधी त्या रोपांना पाणी घालायची. मी डबीत बसून धुमसत होतो.

मग बाई रॅम्प बघायला आल्या. त्यांनी खुर्ची वळवली, चाकं धरली आणि जोर लावला. निम्म्यात दंड थरथरायला लागले. खुर्ची थांबली, मग मागे घसरली. मुकादमांनी झेप घालून धरली म्हणून बरं, नाहीतर अनर्थ झाला असता.

"सवय होईल बाई," साहेब हसत म्हणाले. "नाहीतर माणूस आहेच की ढकलायला."

"ढकलूनच घ्यायचं होतं, तर पायऱ्या काय वाईट होत्या?" बाई म्हणाल्या आणि मागच्या दाराने आत गेल्या.

सगळे गेल्यावर मुलीने मला काढलं. "काका, टोक धरता?" मुकादमांनी धरलं. "एकापासून!" तिने आकडा वाचला. सात वीस. "एक..." म्हणाली आणि पुढचं ओठातच राहिलं. तिने त्या बारा रोपांकडे पाहिलं आणि मटकन किनारीवर बसली. मुकादमही बसले. "पोरी, खिळा ठोकून मीच निघून गेलो होतो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ती मला बॅगेत टाकून घरी गेली. ताट वाढलं, तर तिने ते बाजूला सारलं. शेवटी आईला सगळं सांगितलं. "आता बोलले तर सही गेली, आई. वर्ष गेलं. तीन आठवडे गप्प बसले तर कुणाला कळणार पण नाही."

आई काज करत होती. वर न बघता म्हणाली, "कापड आखूड बेतलं गेलं, तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं? पोट आत घे म्हणून?"

मुलगी रडता रडता हसली. मग जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साहेबांना स्पष्ट सांगितलं. साहेबांनी अंगणातल्या सामानाच्या खोलीचं दार लावून घेतलं. आधी समजूत काढली, मग दम दिला. सोमवारी उद्घाटन होतं. अखेर त्यांनी तोडगा काढला. "वहीत लिही, टेप सदोष होता. तू सुटलीस, मी सुटलो. टेप काय कोर्टात जाणार आहे?" आणि त्यांनी मला तिच्या हातातून घेऊन राडारोड्याच्या पिंपात भिरकावलं.

सदोष? मी? अहो, माझा पहिला मीटर कुणी खाल्ला? आणि उरलेल्या एकोणतीसांतली एक रेघ तरी इकडची तिकडे झाली का? सिमेंटच्या फाटक्या पोत्यांवर पडून मी संतापाने कडकडत होतो. माझं आयुष्य असं कचऱ्यात संपणार, याचं दुःख होतं. पण खोट्याचा शिक्का घेऊन संपणार, याचा राग जास्त होता.

तेवढ्यात पिंपात एक हात आला. काळ्या नखांचा. तिने मला उचललं, बाहीला पुसलं आणि साहेबांकडे वळून म्हणाली, "टेप बरोबर होता. एक मिळवायला मी विसरले. वहीत मी तेच लिहिणार."

"मग सही विसर."

"विसरले," ती म्हणाली. ती तशीच तडक मागच्या दाराने वाचनालयात गेली आणि बाईंना म्हणाली, "बाई, रॅम्प एक मीटर आखूड आहे. चूक माझी आहे. हे काम ताब्यात घेऊ नका."

बाई म्हणाल्या, "सोमवारी कुणी फीत कापायला आलं, तर मी त्या रॅम्पवर आडवी खुर्ची लावून बसेन. सांग तुझ्या साहेबांना."

साहेबांचा नाइलाज झाला. रॅम्प फोडला. पण पहिली कुदळ रोपांच्या वाफ्यात पडली आणि ती तिनेच मारली. ज्या वाफ्यासाठी पाठ थोपटली गेली होती, तीच रॅम्पकडून चोरलेली जागा होती. बारा रोपं मुळांच्या मातीसकट काढून मुकादमांनी आणि तिने रॅम्पच्या कडेने लावली. एक दगावलं, अकरा जगली. मग खुंटीची वेळ आली. मुकादम टोक धरून गरजले, "एकापासून!" तिचं उत्तर सगळ्या अंगणाने ऐकलं, "एक अधिक!" खुंटी आठ वीसवर बसली.

रॅम्प तयार झाल्यावर बाई आल्या. मुकादम सवयीने मागे जाऊन उभे राहिले. "हात लावू नका," बाई म्हणाल्या. त्या सावकाश चढल्या. मधे दम घ्यायला थांबल्या, तेव्हा खुर्ची जागच्या जागी उभी राहिली. पुढच्या दारातून आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "उघडलं गं वाचनालय!"

सहीचं विचाराल तर साहेबांनी ती केली नाही ती नाहीच. कॉलेजने तिचे सोळा आठवडे धरले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैत्रिणी घरी गेल्या आणि तिने दुसऱ्या कंपनीत, सुट्टी संपल्यावरसुद्धा, पुन्हा सोळा आठवडे माती उपसली. मामा म्हणाले, "मिळालं काय खरं बोलून?" ती म्हणाली, "टेप मिळाला." शेवटच्या दिवशी मुकादमांनी मला तिच्या हाती ठेवताना फडक्याने पुसलं होतं, नेहमीसारखं.

आज ती कॉलेजात शिकवते. मी तिच्या खोलीतल्या खुंटीवर असतो. माझ्या टोकाला तिच्या आईने लाल कापडाची पट्टी शिवली आहे. पहिल्यांदा कामावर जाणारी मुलं मला बघून खिदळतात, "मॅडम, नवा घ्या ना!" मॅडम त्यांना अंगणात नेतात आणि सात मीटर वीसची रेघ माझ्यावरून आखायला लावतात. दरवर्षी निम्मी मुलं चुकतात. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "टेपच तुटका आहे, आम्ही काय करणार?" मग मॅडम त्यांना रॅम्पची गोष्ट सांगतात.

तर मित्रांनो, हत्यारं पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, यंत्राखाली घालू नका, हे तर आहेच. ते तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. मी झिजलो तर मला खुशाल फेका, तक्रार नाही. पण तुमची चूक माझ्या गळ्यात बांधून फेकू नका. माझा पहिला मीटर गेला आहे, हे मी लाल पट्टी लावून जगाला दाखवतो. उरलेले एकोणतीस मीटर शाबूत आहेत आणि ते कुणाच्या बापाला घाबरत नाहीत. या, मोजून बघा.