रेघ ओलांडणाऱ्या पेशी

दोन्ही बश्यांमधल्या पेशी स्तनाच्या कर्करोगाच्याच. फरक एवढाच, की एका बशीतल्या पेशींच्या एका जनुकात मृण्मयीने एकच अक्षर बदललं होतं. बशीत पेशींचा थर भरून आला की ती त्यात पिपेटच्या बारीक टोकाने रेघ ओढायची आणि कोणत्या पेशी ती रेघ आधी बुजवतात ते बघायची. बदललेल्या पेशी दर वेळी जिंकत; त्या चालत जाऊन रेघ बुजवतात, असं तिचं म्हणणं होतं.

"चालत गेल्या कशावरून?" तिच्या मार्गदर्शक कालिंदीमॅडमनी विचारलं. "जागच्या जागी वाढल्या असतील. तू त्यांना खायला किती घालतेस! सोमवारपर्यंत दाखव, नाहीतर विषय बदल."

मृण्मयीचा चेहरा उतरला. मागच्या उन्हाळ्यात टँकर आला नाही, उबवणपेटीतलं पाणी आटलं आणि सगळ्या पेशी वाळून गेल्या. तेव्हापासून ती भीतीपोटी सिरम, म्हणजे पेशींचं खाणं, ओततच होती.

शेजारच्या टेबलावर शिवम काम करत होता. तो फुलंब्रीहून रोज यायचा. "ताई, लई लाड झाले," तो म्हणाला. "दुष्काळ पाडा त्यांच्यावर. आमच्या गल्लीत दोन सालांत एक पाळणा हलला नाय, पण अर्धी गल्ली कामासाठी शेंद्र्याच्या कारखान्यांकडं जाऊन राहिली."

ती हसली आणि हसता हसता थबकली. सिरम काढलं की पेशी सहसा दुभंगून वाढत नाहीत. तरीही रेघ बुजली, तर त्या चालूनच आलेल्या असणार! हे तिला ठाऊक होतं; सिरम काढायचं धाडस तेवढं होत नव्हतं.

तिने दोन्ही बश्यांमधलं सिरम धुऊन काढलं, पेशी उपाशी ठेवल्या, रेघा ओढल्या.

सोमवारी सकाळी पर्सही न ठेवता तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. साध्या पेशींची रेघ तशीच, उघडी. दुसऱ्या बशीत मात्र काठावरच्या पेशी लांब झालेल्या, पुढे पाय काढलेल्या. काही तर पलीकडच्या काठाला टेकलेल्या. हेच चालणं कुणाच्या तरी शरीरात होत असतं, हे आठवून क्षणभर तिला आनंदाची लाजही वाटली.

"मॅडम, या ना! लवकर!"

मॅडमनी पाहिलं. बशी फिरवून पुन्हा पाहिलं. चष्मा काढला.

"व्हय की नाय?" शिवमला राहवेना.

"गप रे. मृण्मयी, एकदा दिसलं म्हणजे झालं नाही. पुन्हा करायला लागेल."

"नव्या बश्या कालच उपाशी ठेवल्यात, मॅडम," ती म्हणाली. पिपेटचं टोक तिच्या हातात तयारच होतं.

"मग बघतेस काय? ओढ रेघ!"