देवघरातला कॉफीचा फिल्टर

मित्रांनो, पांढुर्ण्यात मला कोणी कॉफीचा फिल्टर म्हणत नाही. इथे माझे नाव गळती. उन्हाळ्यात महादेवाच्या पिंडीवर टांगतात आणि ज्याच्या बुडातून थेंब थेंब पाणी पडते, ते भांडे. मी मुळात ते नाही. पण अकरा वर्षे एकाच नावाने हाक मारली की कोणीही ओ देऊ लागतो, तसे माझे झाले.

माझा जन्म कुंभकोणमचा. तिथल्या कारागिराने पितळेची दोन भांडी ठोकली, एकावर एक बसणारी. वरच्याच्या बुडाला बारीक बारीक भोके पाडली. दोघांनाही आतून पांढरीशुभ्र कल्हई केली. वर झाकण दिले आणि भुकटी दाबायला दांडीची एक चकती. माझे काम अगदी सोपे आहे. वरच्या भांड्यात कॉफीची भुकटी घालायची, चकतीने हलकेच दाबायची, उकळते पाणी ओतायचे, झाकण लावायचे आणि गप्प बसायचे. तासाभरात खालच्या भांड्यात काळाभोर अर्क उतरतो. त्यात गरम दूध आणि साखर. यातले गप्प बसणे तेवढे कठीण. माणसांना ते जमत नाही. सारखे झाकण उघडून बघतात.

श्रीकांत साहेबांना जमायचे. ते रेल्वेत होते, स्टेशन मास्तर. त्यांची पांढुर्ण्याला बदली झाली तेव्हा त्यांच्या पेटीत मीही आलो. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये मी नऊ वर्षे काढली, आणि ती माझी कामाची वर्षे. रोज चार वाजता यशवंतराव गुरुजी यायचे. ते इथल्या शाळेत भूगोल शिकवत. दोघे ओट्यावर बसून कॉफी प्यायचे आणि बोलायचे. संत्र्याचा आंबिया बहर यंदा कसा आहे, मालगाडी कुठे अडकली, कोणाच्या मुलीचे कुठे जमले. फार काही मोठे नाही. साहेबांची मराठी त्या ओट्यावरच तयार झाली, म्हणून ती कुंभकोणमची न वाटता थेट पांढुर्ण्याची वाटते. गुरुजी कप खाली ठेवताना म्हणायचे, "काय कॉफी आहे साहेब, वा!" आणि साहेबांचा चेहरा फुलायचा.

मग साहेब रिटायर झाले. गावी निघताना त्यांनी मला नवी कल्हई करून घेतली, टॉवेलमध्ये गुंडाळले आणि गुरुजींच्या हातात दिले. "सर, माझ्या घरी दुसरा आहे. हा तुमचा. रोज कॉफी करा, माझी आठवण काढा." गुरुजींनी मला छातीशी धरले. त्यांनी मान हलवली.

घरी आल्यावर त्यांनी कॉफी केली, नाही असे नाही. दोनदा केली. झाकण चार वेळा उघडले, पाणी कोमट ओतले. गुरुजींच्या पत्नी सरलाबाई एक घोट पिऊन म्हणाल्या, "हा काढा कोणाले ताप आला म्हणून केला?" तिसऱ्या दिवशी घरात चहा झाला, आणि त्यानंतर रोज चहाच झाला. खरे सांगायचे तर गुरुजी पहिल्यापासून चहाचाच माणूस.

मी फळीवर गेलो. तेव्हा वैशाख होता. एक दिवस सरलाबाईंनी मला उलटे करून पाहिले आणि त्या हरखल्याच. "अवो, हे तर महादेवाच्या गळतीचं भांडं आहे! कोणी केलं एवढं सुबक?" गळतीला एकच भोक लागते, म्हणून त्यांनी बाकीची सगळी मेणाने बुजवली. गुरुजींनी स्वतः देवघरात आकडा ठोकला. खालच्या भांड्यात फुलवाती गेल्या आणि चकती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून बसली. दर वर्षी चैत्र-वैशाखात मी पिंडीवर थेंब सोडायचो, उरलेले दहा महिने फडक्यात बांधलेला. मेणाच्या वर इथल्या जड पाण्याचा क्षार बसत गेला. मला त्याचे दुःख झाले का? नाही. पितळाला कॉफी काय आणि गंगाजल काय.

अडचण झाली ती फोनमुळे. गावी पोचल्यावर महिन्याभराने साहेबांचा पहिला फोन आला. "सर, फिल्टर चालू आहे ना?" गुरुजींनी देवघराकडे पाहिले. मी टपटप करत होतो. "चालू आहे जी, एकदम चालू." इथवर ठीक होते. पण साहेबांनी पुढे विचारले, "रोज कॉफी?" आणि गुरुजी म्हणाले, "रोज."

तो एक शब्द अकरा वर्षे पुरला नाही. दर महिन्याला त्यात भर घालावी लागली. भुकटी कुठून आणता? नागपूरच्या सीताबर्डीवरून. भुकटीत मिसळलेली चिकोरी किती? थोडीशीच. दूध म्हशीचे की गाईचे? फोनवर गुरुजी असे रंगून सांगायचे की सरलाबाई स्वयंपाकघरात कपाळाला हात लावायच्या. पुण्याला असलेली त्यांची मुलगी अमृता एकदा सुट्टीत आली होती. तिने हे बोलणे ऐकले आणि बाबांना कॉफीचे वेड लागले असे समजली. मग वाढदिवसाला तिने काचेची प्रेस पाठवली आणि दिवाळीला मोका पॉट. प्रेसमध्ये सरलाबाईंनी शेंगदाणे भरले. मोका पॉट खोक्यातच राहिला.

यंदाच्या वैशाखात एका रविवारी साहेबांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. बायको गेल्या वर्षी गेली. आता घर बंद करून ते कायमचे मुलाकडे दिल्लीला निघाले होते. "गुरुवारी बारा चाळीसला गाडी पांढुर्ण्याला येते, सर. दोन मिनिटं थांबते. एक कप कॉफी घेऊन या. त्याच फिल्टरची. आता या वाटेनं पुन्हा येणं होत नाही."

गुरुजी म्हणाले, "आणतो जी." फोन ठेवला आणि देवघराकडे बघत खुर्चीत बसले.

मित्रांनो, त्यापुढचे तीन दिवस त्या घरात कॉफीच कॉफी झाली. गुरुजी बसने नागपूरला जाऊन खरीच भुकटी घेऊन आले. प्रेसमधले शेंगदाणे डब्यात गेले. ही प्रेस म्हणजे काचेचे उंच भांडे. त्यात भुकटी आणि उकळते पाणी घालायचे आणि चार मिनिटांनी जाळीचा दट्ट्या खाली दाबायचा. तिला जाडसर दळलेली भुकटी लागते. गुरुजींनी आणली होती माझ्या मापाची, बारीक. सगळा गाळ जाळीतून वर आला. मग मोका पॉट. त्यात खाली पाणी, मधे भुकटी, आणि वाफेच्या जोराने कॉफी वर चढते. गुरुजींनी गॅस मोठा ठेवला, तो फुसफुसला, आणि कॉफी करपली. दोष त्या भांड्यांचा नव्हता. मंद आच आणि योग्य भुकटी मिळाली असती तर दोघांनीही चांगली कॉफी दिली असती. फक्त ती माझी कॉफी नसती.

सरलाबाईंनी सगळे खरे सांगितले, तेव्हा अमृता फोनवर म्हणाली, "बाबा, कशातही करा अन् थर्मासमध्ये भरून न्या. त्यांना काय कळते?"

"त्याले पहिल्या घोटात कळते, बेटा."

"मग खरं सांगून टाका ना!"

"अकरा वर्षांनी? दोन मिनिटांत?" गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला.

बुधवारी संध्याकाळी ते देवघराच्या दारात येऊन उभे राहिले. सरलाबाईंनी वर न पाहताच ओळखले. "नाई," त्या म्हणाल्या. "वैशाख सरेपर्यंत लावलेली गळती उतरवत नसतात. थेंब तुटला की व्रत मोडते. खोटं बोलून राहिले तुमी, अन् तहानलेला ठेवायचा महादेव?"

 गुरुजी तसेच मागे फिरले. रात्री जेवलेही नीट नाहीत.

गुरुवारी सकाळी सरलाबाई आंघोळ करून पिंडीपाशी बसल्या. तांब्याभर पाणी आणि पळी जवळ घेतली. डाव्या हाताने मला आकड्यावरून उतरवले आणि त्याच क्षणी उजव्या हाताने पळीने पिंडीवर धार सुरू केली. "घ्या," त्या म्हणाल्या. "थेंब तुटू देणार नाई मी. तुमी परत येईपर्यंत इथून उठत नाई."

गुरुजी नुसते बघत राहिले.

"बघून काय राहिले? मेण काढा त्याचं!"

गरम पाण्याने मेण सुटले. क्षार सुटेना. त्याला चिंचेचे पाणी लावले, आणि मग गुरुजी चष्मा लावून, सुई घेऊन, तिथेच देवघरात मांडी घालून बसले. एकेक भोक मोकळे करू लागले. थोड्या वेळाने मान अवघडली म्हणून थांबले, तर सरलाबाई म्हणाल्या, "जेवढ्या फोनवर खोटं बोलले तेवढे भोकं आहेत. एकही सोडू नका."

गुरुजी हसले. बाईही हसल्या, पण त्यांचा हात थांबला नाही.

फुलवातींचे भांडे आणि बरणीवरची चकती घासून झाली आणि अकरा वाजता भुकटी पडली, चकतीने दाबली, वरून उकळते पाणी आले, झाकण लागले. या वेळी गुरुजी गप्प बसले. पण काही भोके अजून अर्धवट बुजलेलीच होती, त्यामुळे अर्क हळू उतरत होता. सव्वाबारा झाले तरी माझे काम संपले नव्हते. शेवटी त्यांनी मला तसेच टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत घातले, थर्मासमध्ये गरम दूध भरले, साखरेची पुडी आणि एक स्टीलचा पेला घेतला, आणि स्कूटर काढली.

प्लॅटफॉर्मवर ऊन मी म्हणत होते. गाडी वेळेवर आली. साहेब डब्याच्या दारातच उभे होते. केस सगळे पांढरे, शर्ट खांद्यावर सैल झालेला. खाली उतरायला जमले नाही त्यांना. गुरुजींनी पायरीवर पाय ठेवून पिशवी दाराशी टेकवली.  गुरुजींनी पेल्यात दूध ओतले, साखर घातली, माझे खालचे भांडे काढून सगळा अर्क त्यात रिकामा केला. साहेबांनी आधी वास घेतला. डोळे मिटले. एक घोट घेतला.

"सर," ते म्हणाले, "हीच."

गुरुजींचा जीव भांड्यात पडला. पण साहेबांनी सवयीने माझे रिकामे खालचे भांडे हातात घेतले आणि आत पाहिले. मित्रांनो, ज्या फिल्टरमध्ये अकरा वर्षे रोज कॉफी होते तो आतून तपकिरी पडतो आणि त्याची कल्हई झिजून जाते. माझी कल्हई पांढरीशुभ्र होती, साहेबांनी निघताना करून घेतली होती तशीच.

"कल्हई नवीन केली, सर?"

नुसती मान हलवली असती तरी भागले असते. साहेबांनीच वाट काढून दिली होती, गाडी सुटायला मिनिट उरले होते, आणि पुन्हा कोणी विचारणार नव्हते.

"नाई जी," गुरुजी म्हणाले. "कल्हई तुमचीच आहे. मी कॉफी करतच नाई. अकरा वर्षं खोटं बोललो तुमच्याशी. घरी आम्ही चहा पितो. हा फिल्टर महादेवावर टांगला होता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग गुरुजींकडे. "आधीपासून चहा?"

"आधीपासून."

"मग नऊ वर्षं माझ्या ओट्यावर रोज कॉफी पिऊन राहिले, ते कायले?"

गाडीने शिटी दिली.

"तुमच्याजवळ बसाले भेटे म्हणून," गुरुजी म्हणाले. "मले दुसरं कोणी नव्हतं, साहेब."

साहेबांनी उरलेली कॉफी एका दमात संपवली. डब्याला हिसका बसला. त्यांनी पेला आणि मला पिशवीत घालून गुरुजींच्या हातात दिले, आणि गुरुजींचा हात धरून ठेवला. गुरुजी गाडीबरोबर चालू लागले, मग भराभर चालू लागले. "बायको जाऊन वर्ष झालं, सर," साहेब म्हणाले, "मलेही दुसरं कोणी नाई." मग प्लॅटफॉर्म संपत आला आणि हात सुटला.

गुरुजी बाकावर बसले आणि रडले. मी शेजारी पिशवीत होतो. पाण्याच्या टाकीपाशी दोन माणसे बाटल्या भरत होती, ती बघत राहिली. गुरुजींनी त्याची पर्वा केली नाही.

हल्ली मी स्वयंपाकघराच्या फळीवर असतो. राहिलेली भोकेही गुरुजींनी मोकळी केली आणि पिंडीवर दुसरी गळती आली, म्हणून तिथे माझा उपयोग नाही, आणि कॉफी त्या घरात कोणाला आवडत नाही. माझ्या जातीची भांडी अशा वेळी विनवणी करतात की आम्हाला घासा, वापरा, अडगळीत टाकू नका. मला तसे काही मागायचे नाही. पितळ टिकते. पण तुम्हाला कोणी जीव लावून काही दिले आणि ते तुमच्या कामाचे निघाले नाही, तर त्याला तसे सांगा. तो चार दिवस रुसेल, रुसू द्या. आणि त्याच्याकडे जाऊन बसायला आवडते म्हणून जात असाल, तर तेही सांगा. त्याच्या गाडीला दोन मिनिटे उरेपर्यंत थांबू नका.