तुटलं तिथून पुढे

तिलकला मस्कतमध्ये मुलगी झाली ते साल १९९९. इकडे मुर्री गावात धान लावायचे रोवणे जोरात होते आणि तिलकचे वडील दुधराम खाटेवरून उठेनासे झाले होते. त्या घरात नातवंडाचं तोंड पाहून आजा नाव ठेवी. "तोंड पाहिल्याबिगर नाव ठेवणार नाही," असं दुधरामांनी मुलाला फोनवर बजावलं होतं. डॉक्टरनं चार-आठ दिवस सांगितलेले, आणि मस्कतच्या टपालाला वीस लागत. म्हणून तिलकनं मुलीचा फोटो आपल्या कंपनीच्या मुंबईच्या संगणकावर पाठवला. तिथून तो फोनच्या तारेवरून उतरवून घ्यायचा होता.

त्यासाठी लागणारा मोडेम होता तो शेजारच्या कुडव्याला, खुमेंद्रच्या संगणक वर्गात. मंगळवारी तिलकची आई सुंदरबाई तिथे जाऊन बसली.

फोन लागला. पडद्यावर यादी आली, फाइल कोणत्या पद्धतीनं आणायची म्हणून: एक्समोडेम, वायमोडेम, झेडमोडेम. खुमेंद्रनं पहिली घेतली. पाऊण तासाचं काम होतं. अर्ध्या तासानं लाइन तुटली आणि आलेलं सगळं फुकट गेलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तुटली.

मागच्या बाकावरची विद्यार्थिनी उर्वशी हळूच म्हणाली, "सर, तिसरी घ्या ना. ती तुटलं तिथून पुढे आणते."

"सर तू हायेस का मी?" खुमेंद्र मान न वळवता म्हणाला. "पहिली सगळ्यात जुनी. जुनं ते भरवशाचं. नागपूरले कोर्समध्ये हेच शिकवलं आमाले."

वर्ग हसला. सुंदरबाईनं सगळं ऐकलं होतं. पण शिकलेल्या माणसापुढं आपण काय बोलावं, म्हणून ती गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला पुढे जन्मभर टोचलं.

बुधवारी लाइन पाच वेळा तुटली. दर वेळी खुमेंद्र टेलिफोनवाल्यांना शिव्या घाली आणि पुन्हा तीच पद्धत निवडी. संध्याकाळी दुधरामांनी विचारलं, "आली का वो पोरगी?"

"येऊन राहिली," सुंदरबाई म्हणाली.

गुरुवारी सकाळी त्यांनी विचारलंच नाही, नुसतं दाराकडे पाहिलं.

त्या दिवशी दोनच्या सुमाराला लाइन तुटली, आणि खुमेंद्रचं बोट पुन्हा पहिल्या पद्धतीकडे गेलं. सुंदरबाई उठली.

"मास्तर, तुमच्या घरी रोवणा होते का जी?"

"होते ना. काऊन?"

"पाऊस आला, बाया अर्ध्या बांधीतून उठल्या. दुसऱ्या दिवशी लावलेलं उपटून पुन्हा पहिल्या धुऱ्यापासून लावता का?"

"बाई, ते वेगळं. हे मशीनचं काम हाय."

"तीन दिवस लावलेलं उपटून राहिले तुम्ही! माझा माणूस तिकडं मरून राहिला, अन् तुमाले पोरीचं ऐकाची लाज वाटते? उठा त्या खुर्चीवरून!"

"अवो, पण बिघडलं म्हंजे—"

"उठा!"

खुमेंद्र उठला. उर्वशी बसली आणि तिनं तिसरी पद्धत घेतली. लाइन दोनदा तुटलीच. पण तिनं फोन पुन्हा जोडला की पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा चाळिसावरून एक्केचाळिसावर जाई, एकावर नाही. साडेतीनला प्रिंटर करकरला आणि कागदावर ठिपक्याठिपक्यांनी एक तोंड उमटलं. डोळे मिटलेले, कपाळ थेट दुधरामांचं.

उर्वशीनं सुंदरबाईला लूनावर मुर्रीला आणलं. अंगणात माणसं जमली होती. शेजारचा उदाराम पुढे आला. "वहिनी, उशीर झाला."

सुंदरबाईनं तो कागद दुधरामांच्या हाताखाली ठेवला. मग अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीचं नाव उर्वशी. कोनाले काही म्हणाचं हाय का?"



खुमेंद्र दहाव्याला आला. "दोष लाइनचा होता," म्हणाला. सुंदरबाईनं त्याला पाणी दिलं.

दुधराम ५ ऑगस्ट १९९९ रोजी, गुरुवारी, दुपारी तीन वाजता वारले.